चेन ताणल्यापासून गाडी डावीकडे ओढते: घरी दोरी लावून चाकांची रेघ कशी तपासायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १५० सीसीची गाडी, ३१ हजार किलोमीटर झालेली. महिन्यापूर्वी चेन ताणून घेतली आणि तेव्हापासून हँडल जरा सैल धरलं की गाडी डावीकडे जाते. गॅरेजवाल्यानं चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवरच्या) खुणा दाखवून "दोन्हीकडे सारख्याच रेघेवर आहे, अलाइनमेंट बरोबर आहे" असं सांगितलं. तुमचं समाधान झालेलं नाही आणि घरी टेप, दोरी एवढ्यावर खात्री करून घ्यायची आहे.

खात्री होते, आणि चांगली होते. मी २७ वर्षं हेच काम करतोय आणि अजूनही चाकांची रेघ बघायला गवंड्याची लाइनदोरीच वापरतो. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेत आहे का, हा एक. गाडी डावीकडे का ओढते, हा दुसरा. या दोघांचा संबंध असेलच असं नाही. माझ्याकडे "ओढते" म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा कारण हवा, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) किंवा टायर असतं. रेघ चुकलेली गाडी बऱ्याचदा चालवणाऱ्याला काही जाणवूच देत नाही, गुपचूप चेन आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) खात राहते. म्हणून दोरी लावायच्या आधी पंधरा मिनिटं दुसऱ्या प्रश्नाला द्या.

आपल्याकडे आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याला मधून कडेला उतार दिलेला असतो. डांबरी रस्त्याला तो साधारण २ ते २.५ टक्के, म्हणजे मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर. त्यामुळे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर जाताना आणि येतानाही गाडी थोडी डावीकडेच उतरते. शाळेचं मैदान, बाजार समितीचं सिमेंटचं आवार अशा सपाट जागी ३०-४० च्या वेगानं चालवून बघा. दोन्ही तळवे मुठींवर नुसते टेकलेले ठेवा. हात पूर्ण सोडून तपासू नका. कोनसेट घट्ट झालेला असेल तर हँडल एकदम लोळतं आणि माणूस पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हवा थंड टायरमध्ये मोजा. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ आणि एकटं चालवताना मागे २८ पीएसआयच्या आसपास लागते, पण चेनकव्हरवरचं स्टिकर किंवा पुस्तिका जे सांगेल ते खरं. मग डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा (मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगा) आणि एका बोटानं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर हलकं 'टक्' करून अडल्यासारखं वाटलं, तर कोनसेटच्या वाटीत खड्डे पडलेत आणि गाडी ओढायला तेवढं एक कारण पुरतं. तसंच मागचं चाक वर असताना चिमटा दोन्ही हातांनी धरून आडवा हलवा. बुश गेलेले असतील तर कटकट हाताला लागते. चिमटाच डुलत असेल तर दोरी लावण्यात अर्थ नाही, कारण आज मोजलेलं उद्या राहणार नाही.

हे सगळं ठीक निघालं, तर आता मूळ काम.

त्या खुणांचं काय, हे आधी सांगतो, कारण तुमचा वाद तिथेच अडलाय. खुणा दर वेळी खोट्या असतात असं नाही. पण अ‍ॅक्सलच्या (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) दोन टोकांमध्ये साधारण २० सेंटीमीटर अंतर असतं आणि दोन चाकांमध्ये तुमच्या गाडीत १.३ मीटरच्या आसपास. म्हणजे मागे एका बाजूला १ मिलिमीटर फरक पडला, तर मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकापाशी पोहोचेपर्यंत ६ ते ७ मिलिमीटर बाजूला गेलेली असते. खूण म्हणजे पत्र्यावर ठोकलेली रेघ, ती स्वतःच एक मिलिमीटर जाड. वाकून, चेनच्या तेलकट चिखलातून तिच्यावर डोळ्यानं अर्धा मिलिमीटर ओळखणं कुणाला जमत नाही, मलाही नाही. दोरी तोच फरक सहापट मोठा करून दाखवते. तुमच्या गॅरेजवाल्यानं मुद्दाम चुकीचं सांगितलं असं मला वाटत नाही. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं.

सामान एवढंच: गवंडी वापरतात ती नायलॉनची बारीक लाइनदोरी, सात-आठ मीटर. चार विटा. चिकटपट्टी. स्टीलची पट्टी, कारण टेपचं टोक हलतं आणि छोट्या अंतराला ते घात करतं. आणि एक टॉर्च. दोरीऐवजी खिडकीच्या स्लायडिंगचा अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन वापरणारे आहेत, चार फुटी ट्यूबलाइटची नळी लावणारेही आहेत. नळी सरळ असते, पण चार फूट म्हणजे १.२ मीटर. मागच्या टायरवर टेकवून ती पुढच्या चाकाच्या पूर्ण लांबीपर्यंत पोहोचत नाही. सेक्शन दोन-सव्वादोन मीटरचा हवा आणि सरळ हवा. तो सरळ आहे का हे बघायला फरशीवर त्याच्या कडेनं पेन्सिलची रेघ ओढा, सेक्शन उलटा करून तीच कड रेघेला लावा. पोट दिसलं तर तो बाजूला ठेवा. ताणलेल्या दोरीला पोट नसतं, म्हणून माझी पसंती दोरीला.

गाडी डबल स्टँडवर घ्या, साइड स्टँड वर दुमडा, किल्ली काढून खिशात ठेवा. दोन्ही टायरच्या बाजू ओल्या फडक्यानं पुसा. नवीन टायरला बाजूनं रबराच्या बारीक मिशा असतात, दोरी जिथे टेकणार तिथल्या कापून टाका. एक मिशी दोन मिलिमीटरची चूक करते आणि तुम्ही तासभर चुकीच्या बाजूचा नट फिरवत बसता.

दोरीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागून घ्या, जमिनीपासून साधारण १२ सेंटीमीटरवर, आणि टायरच्या पाठीवर चिकटपट्टीनं पक्का करा. याच उंचीचं कारण असं की दोरी जितकी अ‍ॅक्सलच्या उंचीला जवळ तितकी चांगली, पण वर इंजिन आणि सायलेन्सर आहे. इंजिनाच्या पोटाखाली १६-१७ सेंटीमीटर जागा असते, तिच्यातून दोरी कुठेही न घासता गेली पाहिजे. १२ वर मागच्या टायरची चाळीसेक सेंटीमीटर लांबी दोरीला मिळते, तेवढी पुरते. आता दोन्ही टोकं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे न्या, डबल स्टँडच्या पायांच्या मधून, पुढच्या चाकाच्याही अर्धा मीटर पुढे, आणि प्रत्येक टोक एकेका जोडविटेला त्याच १२ सेंटीमीटर उंचीवर बांधा. दोरी तुणतुण्याच्या तारेसारखी वाजली पाहिजे इतकी ताणा.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि घरी मोजणाऱ्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. दोरी मागच्या टायरच्या मागच्या कडेला टेकलेली आहे. ती त्याच टायरच्या पुढच्या कडेला नुसती शिवली पाहिजे. वीट बाहेर असेल तर पुढच्या कडेपाशी फट राहते. वीट फार आत ढकलली तर दोरी पुढच्या कडेवर वाकते, आणि तुम्हाला मात्र वाटतं की छान टेकली. म्हणून वीट बाहेरून आत आणा, अगदी थोडी थोडी. पलीकडे टॉर्च ठेवा. दोरी आणि रबर यांच्यातली उजेडाची रेघ बारीक होत जाते आणि एका क्षणी बुजते. तिथे थांबा. मग दोरीला बोटानं हलकी टिचकी मारा. पुढच्या कडेपाशी ती टायरला थरथरून स्पर्श करत असेल तर जागा बरोबर. मेलेल्यासारखी चिकटून राहिली तर जास्त आत आली, थोडी मागे घ्या. दोन्ही बाजूंना हे झाल्यावर पुन्हा पहिली बाजू बघा, कारण एकीकडची वीट हलवताना दुसरीकडचा ताण बदलतो. मला सवयीनं दहा मिनिटं लागतात, पहिल्यांदा तुम्हाला चाळीस लागतील. लागू द्या.

आता पुढचं चाक. तुम्ही लिहिलंय की पुढे ८०/१००-१७ आणि मागे १००/९०-१७ टायर आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. मागचा २० नं रुंद, म्हणजे पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून अंदाजे १०-१० मिलिमीटर फट दिसायला हवी. प्रत्यक्षात रिम आणि टायरच्या कंपनीप्रमाणे रुंदी दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असते, त्यामुळे १० हाच आकडा यावा असा हट्ट धरू नका. दोन्हीकडे सारखा यावा, एवढंच बघायचं. ज्यांच्या गाडीला पुढे-मागे एकाच मापाचे टायर आहेत, उदाहरणार्थ दोन्हीकडे ८०/१००-१८ असलेली स्प्लेंडर, त्यांना फट जवळपास दिसतच नाही. त्यांनी मागच्या टायरच्या दोन्ही कडांवर, दोन्ही बाजूंना, सारख्या जाडीच्या प्लायच्या पट्ट्या चिकटवून दोरी बाहेर घ्यावी.

पुढच्या टायरपाशी चार ठिकाणी मोजायचं आहे: डावीकडे चाकाची मागची कड आणि पुढची कड, उजवीकडेही तसंच. आधी फक्त डावी बाजू बघत हँडल किंचित वळवा, डावीकडची मागची आणि पुढची फट सारखी होईपर्यंत. मग हँडल न हलवता उजवीकडच्या दोन मोजा. त्याही आपसांत सारख्या निघायला हव्यात. नाही निघाल्या तर दोन दोऱ्या समांतर नाहीत, पुन्हा विटांकडे जा.

समजा डावीकडे ६ आणि ६ आली, उजवीकडे १४ आणि १४. म्हणजे दोन्ही दोऱ्या पुढे जाताना ४ मिलिमीटर उजवीकडे सरकल्या. मागचं चाक उजवीकडे बघतंय, म्हणजेच अ‍ॅक्सलचं डावं टोक जरा पुढे आहे किंवा उजवं जरा मागे. लक्षात ठेवायला सोपं: ज्या बाजूला दोरी पुढच्या चाकाच्या जवळ आली, त्या बाजूचा अ‍ॅक्सल मागे यायला हवा, किंवा समोरच्या बाजूचा पुढे जायला हवा. किती? ४ ला साडेसहानं भागा, ०.६ मिलिमीटर. चेन अ‍ॅडजस्टरचा (चाक मागे-पुढे सरकवायच्या स्क्रूचा) बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर त्याचा एक फेरा १.२५ मिलिमीटर, म्हणजे अर्धा फेरा. ६ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर एक फेरा १ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त. खुणांवर हा अर्धा फेरा दिसलाच नसता.

पण नट फिरवायच्या आधी थांबा. डावी-उजवी फट वेगळी येण्याची दोन कारणं असू शकतात आणि दोरीत दोन्ही सारखीच दिसतात. एक, मागचं चाक तिरकं आहे. दुसरं, चाक सरळच आहे, पण आख्खं एका बाजूला सरकून बसलंय. पहिलं अ‍ॅडजस्टरनं सुटतं. दुसरं अ‍ॅडजस्टरनं सोडवायला गेलात तर फट सारखी होईल आणि चाक खरोखर तिरकं होईल. फरक ओळखायला चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. टेप इथे फुटरेस्टच्या पट्टीला अडते. मी ६ मिलिमीटरची सरळ सळई घेतो, तिच्यावर रबराची दोन कडी चढवतो, एका बाजूला कडी दोन मध्यांवर जुळवतो आणि सळई तशीच उचलून दुसऱ्या बाजूला लावते वेळी कडीला धक्का लागू देत नाही. आकडा काय हे कळायचीही गरज नसते, जुळतंय की नाही एवढं दिसतं. अंतर वेगळं आणि फटही वेगळी, तर चाक तिरकं आहे, खुशाल सुधारा. अंतर अगदी सारखं आणि तरी फट वेगळी, तर चाक सरकलेलं आहे किंवा काहीतरी वाकलेलं आहे.

या दुसऱ्या प्रकारची एक गाडी माझ्या कायमची लक्षात राहिली. एक शिक्षक रोज ४० किलोमीटर ये-जा करायचे. चौदा महिन्यांत दुसरं चेन-स्प्रॉकेट संपत आलेलं. दर वेळी कुणीतरी चेन ताणून द्यायचं. मी दोरी लावली, डावीकडे ५ आणि उजवीकडे १५, सळई मात्र दोन्हीकडे तंतोतंत. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची आतली बाजू नव्या नाण्यासारखी चकचकीत झाली होती, बाहेरची काळीच. चाक उतरवलं तर अ‍ॅक्सलवरचे दोन बुश (चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या नळ्या) उलटसुलट बसलेले. लांब उजवीकडचा डावीकडे, आखूड डावीकडचा उजवीकडे. पंक्चर काढताना घाईत कुणाकडून तरी झालं असणार. बुश जागेवर घातले, चाक ५ मिलिमीटर आपल्या जागी आलं आणि दोरी दोन्हीकडे १०. त्यांना एक रुपयाचा सुटा भाग लागला नाही. आधी गेलेल्या दोन चेनांचं मात्र मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो, तुमच्याकडेही चेन ताणण्याच्या सुमारास पंक्चर किंवा टायर बदलण्याचं काम झालं असेल तर हे नक्की आठवून बघा.

तिसरी एक शक्यता असते. चारही फटी छान जुळतात, पण हँडलकडे बघितलं तर ते थोडं वळलेलं. म्हणजे मागचं चाक निर्दोष आहे आणि फोर्क टीमध्ये (फोर्कचे दोन पाय धरणाऱ्या पकडीत) पिळला गेलाय. गाडी कधी हळू पडली असेल, एखाद्या खड्ड्यात पुढचं चाक दाणकन आपटलं असेल, तर हे होतं. टीचे बोल्ट आणि पुढचा अ‍ॅक्सल सैल करून ते सरळ करता येतं, पण पहिल्यांदा हे कुणा जाणत्यासमोर करा.

तुमच्याकडे ओळंबा असेल तर आणखी एक गोष्ट बघून ठेवा. मागच्या टायरच्या वरच्या भागाशेजारी ओळंबा सोडा आणि तो खालच्या भागापासून किती लांब राहतो ते बघा, मग हँडल सरळ धरून पुढच्या टायरला तसंच. फरशी थोडी तिरपी असली तरी हरकत नाही, दोन्ही चाकं एकाच बाजूला सारखीच कललेली दिसतील. एक उभं आणि एक कललेलं असेल, तर फ्रेम किंवा चिमटा पिळलेला आहे. ते घरचं काम नाही. अपघात झालेली गाडी विकत घेताना मी ही चाचणी आधी करतो.

आता सुधारणा. अ‍ॅक्सलचा नट सैल करा, पण एवढाच की चाक जोर लावून सरकेल. तुमची चेन डावीकडे आहे. तिचा झोल बरोबर असेल, म्हणजे खालच्या धाग्याच्या मध्यावर बोटानं वरखाली साधारण २५ मिलिमीटर (तुमच्या पुस्तिकेत जो असेल तो), तर डावीकडे हातच लावू नका. उजवीकडचा अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा सैल करा आणि चाकाला मागून तळव्यानं पुढे ठोसा द्या. झोल जास्त असेल तर उलट, डावीकडचा आवळा. झोल चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट आहे तिथला धरा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. बुलेटसारख्या गाडीला बोल्टऐवजी गोगलगाईच्या आकाराच्या चकत्या असतात. तिथे फेरे मोजायचा प्रश्न नाही, दोन्ही चकत्या आपापल्या खुंटीला टेकलेल्या आहेत ना ते बघा आणि दोरीवर विश्वास ठेवा.

नट आवळताना चाक मागे सरकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. यावर उपाय आहे. जाड फडक्याची घडी खालच्या बाजूनं चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये धरा आणि चाक हातानं पुढे, म्हणजे गाडी पुढे जाताना फिरतं तसं फिरवा. फडकं दातांत अडकून चेन ताणली जाते, अ‍ॅक्सल दोन्ही अ‍ॅडजस्टरवर घट्ट बसतो, त्याच स्थितीत नट आवळा. हे करताना इंजिन बंद, किल्ली खिशात आणि बोटं फडक्याच्या लांबच्या टोकाला. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसताना बोटाचं पेर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. हे वाक्य वाचून कुणी तरी ती सवय सोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नट आवळल्यावर दोरी पुन्हा बघा. तिनं होकार दिला की कॉटर पिन असेल तर नवीन घाला, लॉकनट आवळा. तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक हलल्यानं ब्रेकच्या सळईचा झोल बदललेला असतो. पेडल दाबून बघा, मागचा दिवा वेळेवर लागतो का बघा, आणि चाक हातानं फिरवल्यावर ब्रेक घासत नाही ना तेही. ड्रमची टॉर्क पट्टी (ड्रमच्या प्लेटला फिरू न देणारी) सैल केली असेल तर ती आणि तिची पिन सगळ्यात आधी तपासा. ती सुटली तर ब्रेक लावल्याबरोबर ड्रमची प्लेट फिरते आणि चाक जाम होतं.

डाव्या-उजव्या फटीत दोन मिलिमीटरपर्यंत फरक राहिला तर मी तो सोडून देतो. रिम थोडी आउट असली तरी तेवढा पडतो. शंका असेल तर पुढच्या टायरवर खडूची खूण करून चाक अर्धं फिरवा आणि पुन्हा मोजा, फरक बाजू बदलत असेल तर तो रिमचा.

गाडी कुठल्या बाजूला ओढते यावरून मागचं चाक कुठल्या बाजूला वळलंय असा अंदाज कृपया बांधू नका. रस्त्याचा उतार, हवा, बसण्याची ढब हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. मोजा आणि चारही आकडे इथे लिहा: डावी मागची, डावी पुढची, उजवी मागची, उजवी पुढची, आणि सळई दोन्हीकडे जुळली का. सोबत मागच्या स्प्रॉकेटच्या दातांचा दोन्ही बाजूंनी जवळून काढलेला एकेक फोटो टाका. कुठला दात कुठल्या अंगाला चमकतोय ते दिसलं की पुढे काय करायचं ते नीट सांगता येईल.